फाट्याकडे तोंड केलेला भोंगा

धामणखेड, ता. बाळापूर
बुधवार, ३ डिसेंबर २०२५

प्रिय पोर्णी,

अक्षर पाहून दचकू नकोस. माझंच आहे. हात थरथरतो म्हणून वेलांट्या वाकड्या आल्यात, बाकी माणूस तोच. चौदा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता एकदम पाकीट हातात पडलं, म्हणजे कोणी गेलं की काय असं तुला वाटेल. कोणी गेलं नाही. सगळे जिथल्या तिथं आहेत. मी ओसरीत ऊन खात बसलोय, तुझ्या वहिनीने, रागिणीने, तुरीच्या ओल्या शेंगांचं टोपलं माझ्यापुढे सरकवून दिलंय, आणि चार शेंगा सोलल्या की दोन ओळी असं हे लिहून राहिलो. डॉक्टरने बोलणं कमी करा म्हटलंय, म्हणून लिहितो असं समज. खरं म्हणशील तर तुझ्या आईच्या मौतीच्या दिवशी मी जे केलं ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही, पण त्यावर आपण दोघं एक शब्द बोललो नाही. त्याच्याबद्दल लिहायचंय, आणि शेवटी तुझ्याकडे एक मागायचंय. मधे मी भरकटेन. थकलो बाई. सरळ मुद्द्यावर यायलाही दम लागतो.

आधी गावाची खबर घे. मारुतीच्या देवळातला स्पीकर आता बंद करायचं चाललंय. सरपंच म्हणतो, काका, गावाचा व्हाट्सअपचा ग्रुप आहे, तुमी काहून या वयात पायऱ्या चढून राहिले. खोटं नाही बोलत तो. मागच्या महिन्यात आपली पार्बताबाई सुईण गेली. तुला आणि श्यामला तिनेच या जगात आणलं. मला समजलं तसा मी स्वेटर चढवला, काठी घेतली, देवळापर्यंत पोचलो, तोवर तिचा फोटो गुलाबाच्या चौकटीत गावभर फिरून आला होता. बावन्न जणांनी खाली हात जोडलेले. तरी मी माइकवर गेलो आणि सांगितलं. बाहेर आलो तर पारावरची पोरं म्हणाली, आबा, सगळ्यायले मालूम झालं हो कवाचंच. त्या बावन्न हातांत एकानेही लिहिलं नव्हतं की पार्बताबाईच्या मागे कोण राहिलं. राग यायला पाहिजे होता. आला नाही. पायरीवर नुसता बसून राहिलो. आजकाल कशाचाच राग येत नाही, आणि तुला माहीत आहे, राग हाच तर माझा खुराक होता.

लहानपणी तू विचारायचीस, बाबा, कोण मेलं ते तुमालेच कसं आधी समजते. सत्त्याऐंशी साली गावाने स्पीकर आणला तेव्हा मी ब्रँच पोस्टमास्तर होतो. कोणाची लेक कोणत्या गावी दिली, कोणाचा जावई कुठं कामाला, हे सगळं पत्रांवरून मला तोंडपाठ. लोकांनीच धरून मला माइकपुढे उभं केलं. तेव्हापासून अडतीस वर्षं या गावाने मरणाची खबर माझ्या तोंडून ऐकली. आधी फू फू करून फुंकर मारायची. मग नाव, वय, कोणत्या आळीतलं घर. मग त्यांच्या पश्चात कोण कोण आहे. मग किती वाजता नेणार. आणि सगळं दोनदा सांगायचं, कारण पहिल्या वेळी लोक नुसते दचकतात, ऐकतात दुसऱ्या वेळी. स्पीकर अवेळी खरखरला की बाया पिठाचे हात तसेच घेऊन दारात यायच्या. तुझी आई म्हणायची, लोकायचं जाऊ द्या, तुमी घरात खोकलले तरी माह्या छातीत धस्स होते.

प्रत्येक नाव मी वहीत उतरवून ठेवलं. आता तिसरी वही चालू आहे. बाळापूरवाल्यांना किल्ला आहे, पातूरवाल्यांना लेणी आहे, पाहुणा आला की नेऊन दाखवतात. आपल्या धामणखेडला काय आहे? या तीन वह्या. कधी कधी दुपारी मी त्या काढून बसतो. त्यात एका उन्हाळ्यात हगवणीच्या साथीने आठ दिवसांत नेलेली पाच माणसं आहेत. दोन्ही थड्यांना पूर असताना बैल सोडायला गेलेला एक जण आहे. इंदूबाई आहे, जिनं गावात पहिला टीव्ही आणला. तिला मूल ना बाळ, भाऊ ना भाचा. पश्चात कोण म्हणावं, माझं घोडं तिथं अडलं. मग मी माइकवर म्हटलं, त्यांच्या पश्चात त्यांच्या ओसरीत बसून रविवारचा पिक्चर पाहिलेलं सगळं गाव आहे. लोक रडले बी आणि हसले बी. आई त्या दिवशी माझ्यावर इतकी खूश, की न मागता भरीत-भाकर केली.

खरी भांडणं व्हायची ती या पश्चातच्या यादीवरून. वावराच्या धुऱ्यावरून जितकी झाली नसतील तितकी. आमच्या थोरल्याचं नाव दुसऱ्या नंबरवर काहून घेतलं, त्या चुलत्याचं घेऊच नोका, तो बारा वर्षं बोलला नाही. देवराव पैलवान गेले तेव्हा तर कहर झाला. त्यांचं पातूरला दुसरं घर होतं हे गावाला माहीत, पण तोंडाने कोणी म्हणत नव्हतं. देवरावची पोरं माझ्या दारात येऊन बसली, की काका, आमच्या मायचंच नाव घ्या, पातूरचं काही नाई. मी घरात येऊन आईला विचारलं. ती चुलीपाशी होती. मान वर न करता म्हणाली, पातूरले कोनी रडून राह्यलं असंल ना त्यायच्यासाठी? मंग नाव काहून नाई घ्याचं? मी गेलो आणि दोन्ही घरं सांगितली, पातूरच्या पोरीच्या नावासकट. देवरावची पोरं दोन वर्षं मला रामराम घालत नव्हती. मी मिशीला पीळ देऊन फिरलो. वामनराव गावंडे कोणाला भीत नाही, ज्याला रडू आलं त्याचं नाव यादीत येणार, असं पारावर बसून सांगायचो. हे मी तुला मुद्दाम सांगतोय. आपल्या बापाने काय काय बढाया मारल्या ते तुला माहीत असलं पाहिजे.

स्पीकरच्या आधी खबर कोण द्यायचं, हे मात्र माझ्या वहीत नाही. ते मला मोतीरामने सांगितलं होतं, आम्ही दोघं सातवीत असताना. तुझा सासरा व्हायच्या आधी तो माझा वर्गमित्र होता, हे तू विसरली नसशील, मीच विसरलो होतो. त्याच्या आजोबापर्यंत मौतीचा सांगावा गावोगाव पोचवणं हे त्यांच्या वस्तीच्या माथी मारलेलं काम होतं. ऊन असो, पाऊस असो, निरोप आला की निघायचं, आणि दुसऱ्या गावात वेशीबाहेर उभं राहून ओरडून सांगायचं. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच्या बापाने दुसऱ्या दिवशी पाटलाच्या वाड्यापुढे जाऊन सांगितलं, आता तुमची माणसं तुमी सांगा. मग तीस वर्षं ज्याच्या घरी मौत त्यानेच वणवण करायची. आणि मग स्पीकर आला, आणि तेच काम माझ्याकडे मान म्हणून आलं. मला नारळ देऊन माइकपुढे उभं केलं. मोतीराम तेव्हा एसटीत कंडक्टर होता. मला फाट्यावर भेटला तर हसून म्हणाला, वामन्या, आमी टाकलं थे तुमी उचललं का बे? मी पण हसलो. पण घरी येईपर्यंत तोंड कडू झालं होतं. त्यांच्या वस्तीतली मौत त्यांच्या विहारातून सांगितली जायची, देवळातून नाही, आणि माझ्या वहीतही ती कधी आली नाही. अडतीस वर्षं गावाची वही म्हणून मिरवली, आणि अर्धं गाव तिच्यात नाही. हे मला कोणी म्हटलं नाही. मीही कोणाला म्हटलं नाही.

आता भोंग्याचं. तुला हे माहीतच आहे, तरी लिहितो, कारण सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं. दोन हजार आठला वादळाने भोंगा उलटला, तार तुटली. अकोल्याहून माणूस यायला तयार नव्हता. मोतीरामचा नागसेन तेव्हा वीज मंडळात नवा नवा लागला होता, सुट्टीवर आला होता. तो सरसर कळसाच्या बाजूला चढला. देवळावर कोण चढलं, काहून चढलं, हे त्या दिवशी कोणालाच सुचलं नाही. गरज होती ना. मलाही नाही सुचलं. वरून तो ओरडला, काका, आधी याचं तोंड नाल्याकडे होतं, तिकडं कोन आयकते? मी फाट्याकडे करून देतो. बाहेरगावून जो येईन त्याले गावात शिरायच्या आधी समजलं पाह्यजे. खाली तू त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होतीस. तुझ्या आईने तेव्हाच ओळखलं होतं म्हणे. मी आपला खाली उभा राहून भोंगा ऐकू येतो का, तेवढंच पाहत होतो.

मग दोन हजार अकराला तुम्ही अकोल्याच्या कचेरीत जाऊन लग्न केलं. मी काय काय बोललो ते परत लिहीत नाही, तू ऐकलंच आहेस. भावकीतले दोघं-तिघं आले की तिचा घट फोडून टाका, पोरगी मेली समजा. तेवढं मी केलं नाही. त्याचीही मला ऐट होती, पहा. म्हणजे मी इतका वाईट नाही, मी पोरीला मेली म्हटलं नाही. नुसतं बोलणं टाकलं, येणं-जाणं टाकलं, तुझा फोन आला की आईच्या हातात देऊन वावरात निघून गेलो. नीलम झाली तेव्हा आई बारा दिवस अमरावतीला राहून आली. परत आल्यावर तिनं डब्यातून आणलेला डिंकाचा लाडू माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, नातीच्या नावाचा हाये, खाचा असन तर खा. मी खाल्ला. चांगला झाला होता हेही बोललो नाही.

तेवीसच्या अकरा डिसेंबरला सकाळी आई गेली. कापूस वेचायला बाया येणार होत्या, त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवलं आणि तिथंच बसली. श्यामने तुला फोन केला हे मला माहीत होतं. त्याने विचारलं नाही, मी अडवलं नाही. लोक म्हणाले, वामनराव, आज माइकवर दुसरं कोणी जाईल. मी म्हटलं, माझ्या बायकोचं मीच सांगणार. कागदावर लिहून घेतलं, चुकू नये म्हणून. दुर्गाबाई वामनराव गावंडे, वय चौसष्ट. त्यांच्या पश्चात पती, मुलगा, सून, नातू. आणि खाली मुलगी. मी लिहिलं होतं पोर्णी, तुझं नाव कागदावर होतं, तो कागद अजून माझ्याकडे आहे. पण आपल्याकडचा रिवाज तुला ठाऊक आहे. दिलेल्या लेकीचं नुसतं नाव घेत नाहीत. जावयाचं नाव, आडनाव, गाव, सगळं त्याच्याबरोबर यावं लागतं, नाहीतर लोक म्हणतात लेक परत आली की काय. नुसतं पौर्णिमा म्हणायचं असतं तर मी म्हटलं असतं. त्याच्या पुढचं नाव समोर दिसत होतं, देवळाच्या दारात भावकी उभी होती, आणि माझी जीभ हलली नाही. मी नातवाच्या, शिवमच्या नावावर थांबलो आणि म्हटलं, असा परिवार आहे. मग रिवाजाप्रमाणे दुसऱ्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा तर विचार करायला सवड होती. तरी तसंच सांगितलं.

चारला नेलं. तू आली नाहीस. मी तेरा दिवस तुझ्या नावाने बोटं मोडली. आल्या-गेल्याला सांगितलं, पाहा, मायच्या मौतीलेबी आली नाई पोरगी. श्याम काही बोलायला लागला तर त्याला गप्प केलं. तेरवीचं जेवण झालं आणि फाट्यावरची चहावाली जाईबाई मागच्या दारी आली. पानही हातात घेतलं नाही तिने. म्हणाली, दादा, तुमची लेक आली होती. अकोल्याच्या एसटीतून तिघं उतरले. लेकराच्या हाती फुलायची पुडी होती. आन् तुमचा भोंगा वाजला. ती उभी राह्यली. पह्यल्यांदा आयकलं. मंग दुसऱ्यांदा आयकलं. मंग माह्या बाकड्यावर बसली. जावई म्हने, चाल ना, असं नोको करू, आईले पाहून घे. तर म्हने, सगळ्यायची नावं घेतली, माहं नाई घेतलं. मंग मी कोनाच्या मौतीले जाऊन राह्यली? जाईबाईने पाणी दिलं ते तू प्यायलीस, आणि परतीच्या गाडीत बसलीस. फुलाची पुडी बाकड्यावरच राहिली. जाईबाईने ती नदीत सोडली. हे सगळं सांगून जाईबाई म्हणाली, मले आधीच सांगाचं होतं पन तेरवी होऊ देली. आणि गेली. अरे बाप्पा, मी तिथंच मोरीच्या दगडावर बसलो. तुला आईचं तोंड शेवटचं पाहू दिलं नाही मी. हात धरून अडवलं असतं तर निदान तू हात झटकून आत आली असतीस.

तू विचारशील, मग दोन वर्षं काय केलं. काही नाही केलं. लाज वाटली, दुसरं काय. फोन हातात घ्यायचा आणि ठेवायचा. माणूस एवढा खाली गेला की वर यायलाही त्याला कंटाळा येतो. आणि त्यात मागच्या साली, पोळ्यानंतर चार दिवसांनी, मोतीराम गेला. सकाळी मी ओसरीत चहा पीत होतो. विहारातला स्पीकर लागला. सेवानिवृत्त वाहक मोतीराम तायडे यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी आशाबाई, मुलगा नागसेन, सून पौर्णिमा, नात नीलम, आणि व्याही वामनराव गावंडे. माझं नाव, पोर्णी. मी जिवंतपणी भोंग्यावर दुसऱ्याच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा ऐकलं, तेही त्यांच्या. त्यांनीही दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मी कप खाली ठेवला.

मी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, निघालो. शाळेच्या भिंतीपर्यंत आलो आणि पाय तिथंच राहिले. तिथून यात्रा जाताना पाहिली. पांढऱ्या लुगड्यात तू आशाबाईला धरून चालली होतीस. कानाजवळ तुझे केस पिकलेत. नीलम मोठी झाली, कपाळ अगदी आईचं आहे. तुम्ही कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, मी भिंतीला लागूनच होतो. नंतर महिनाभराने आशाबाई बँकेच्या रांगेत भेटल्या. मी तोंड चुकवून निघालो तर त्यांनीच हाक मारली. म्हणाल्या, भाऊ, थे नाव त्यायनंच लेहून ठेवलं होतं. नागसेनले म्हने, वामन्या माहा व्याही हाये, थो मानो का नोको मानो, त्याचं नाव सोडू नोका. मला त्या रांगेत उभं राहवेना. घरी आलो, तिसरी वही काढली आणि तारीख टाकून मोतीरामचं नाव लिहिलं. पश्चातची यादी जशी ऐकली तशीच लिहिली, माझ्या नावासकट. त्यांच्या वस्तीतलं माझ्या वहीतलं ते पहिलं नाव. बाकीची नावं आशाबाई सांगतात म्हणाल्या आहेत. त्यांच्याकडे बसून लिहून घ्यायची आहेत, सत्त्याऐंशीपासूनची. होईल तेवढं करतो.

आता मागणं. श्यामने तुला सांगितलं नसेल, मीच सांगू दिलं नाही. माझ्या घशात, आवाजाच्या पेटीवर, गाठ आहे. तू लहानपणी माझ्या खर्ऱ्याच्या पुड्या आणि बिड्या तुरीच्या कोठीत लपवायचीस, त्या मी शोधून काढायचो, त्याचं हे फळ. नागपूरला सोमवारी पंधरा तारखेला ऑपरेशन आहे. डॉक्टर भला माणूस आहे, त्याने गोल गोल सांगितलं नाही. जीव बहुतेक वाचेल, आवाज जाईल. पूर्ण जाईल. याची दया येऊन तू नागपूरला धावत येशील तर येऊ नकोस, त्यासाठी हे पत्र नाही. गुरुवारी अकरा तारखेला आईला दोन वर्षं होतात. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी देवळात जाऊन माइक लावणार आहे. सरपंचाला सांगून ठेवलंय, भावकीलाही सांगून ठेवलंय, ज्याला दारात उभं राहायचं त्याने राहावं. तुला गावात यायची सक्ती नाही. अकोल्याहून साडेदहाच्या सुमारास एसटी फाट्यावर थांबते, तिथं उतर आणि जाईबाईच्या बाकड्यावर बस, बसली होतीस तिथंच. नागसेनला आण, नीलमला आण. भोंग्याचं तोंड त्याने करून दिलं तिकडेच आहे अजून, कोणी फिरवलं नाही. मी रोज सकाळी वावरात जाऊन म्हणून पाहतो. दुर्गाबाई वामनराव गावंडे यांच्या पश्चात पती वामनराव, मुलगी सौभाग्यवती पौर्णिमा, जावई श्री. नागसेन मोतीराम तायडे, नात नीलम, राहणार अमरावती, मुलगा श्याम, सून रागिणी, नातू शिवम, असा परिवार आहे. तुझ्या नावापर्यंत आवाज नीट जातो, पुढे फाटतो, कधी गाठीने, कधी नुसताच. तर पहिल्यांदा काही समजलं नाही तर उठून गाडीत बसू नकोस बाई. मी दोनदा सांगणार आहे.

तुझाच,
बाबा